कोंबडीचा सुजलेला तळवा: खपली, आतला खडा आणि दांडीची उंची

प्रश्न थोडक्यात असा: दीड वर्षाची, साधारण अडीच किलोची अंड्यावरची कोंबडी चार दिवसांपासून लंगडते आहे. उजव्या पायाचा तळवा फुगला आहे, मधोमध वाटाण्याएवढी काळी खपली आहे, दोन बोटांमधली जागाही वर आलेली दिसते. खाणेपिणे चालू आहे. गाठ ब्लेडने फोडून पू काढावा, की सरळ अँटिबायोटिक सुरू करावे?

दोन्ही नको, निदान आज तरी नको. आज पाय भिजवा, कोंबडी मऊ अंथरुणावर वेगळी ठेवा आणि ती रात्री बसते त्या दांडीची उंची मोजा. या तीन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, ते पुढे येईलच.

वर्णनावरून हे बम्बलफूट दिसते, म्हणजे तळव्याच्या गादीत शिरलेला जंतुसंसर्ग. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियसचा असतो, कधी ई. कोलाय किंवा स्यूडोमोनासचा. हे जंतू बाहेरून कुठून आणावे लागत नाहीत, कोंबडीच्या कातडीवर आणि खुराड्याच्या जमिनीवर ते कायमच असतात. त्यांना आत जायला फट लागते. काटा, कुसळ, धारदार खडी, तारेच्या जाळीचे टोक, नाहीतर सतत ओल्या भुशात राहून मऊ पडलेली आणि उंचावरून उडी मारताना चिरलेली कातडी, एवढे पुरते.

पू वाहत नाही, याचे कारण

सगळा उपचार एका गोष्टीभोवती फिरतो: कोंबडीचा पू पातळ नसतो. माणसाच्या गळवात न्यूट्रोफिल पेशी काम करतात. त्यांच्या विकरांनी (एन्झाइमांनी) मेलेले ऊतक विरघळते आणि पू पातळ होतो. कोंबडीत त्यांच्या जागी हेटेरोफिल पेशी असतात आणि त्यांच्यात मायलोपेरॉक्सिडेज हे विकर नसते. त्यामुळे मेलेल्या पेशी, जंतू आणि फायब्रिन (रक्त गोठताना तयार होणारे चिवट प्रथिन) एकत्र येऊन ओल्या खडूसारखा, पिवळट-राखाडी घट्ट गोळा बनतो. शरीर त्याच्याभोवती जाड आवरण घालून त्याला कोंडून ठेवते. काळी खपली हे या खड्याचे वरचे टोक, खिळ्याच्या डोक्यासारखे. खिळा आत असतो.

यावरून तुमच्या दोन्ही पर्यायांचे उत्तर मिळते. गाठ फोडली तर पू वाहून येणार नाही. रक्त येईल, निरोगी कातडीला नवी जखम होईल आणि खडा आहे तिथेच राहील. दाबून काढायला गेलात तर आवरण आतल्या आत फाटून संसर्ग स्नायुबंधांच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) बाजूने वर सरकू शकतो. आणि अँटिबायोटिक रक्तातून येते, तर खड्याच्या आत रक्तच जात नाही. म्हणून नुसत्या औषधाने चार-सहा दिवस सूज उतरते, औषध थांबवले की पुन्हा येते. दरम्यान जंतू त्या औषधाला सरावतात, तो तोटा वेगळाच.

आधी खात्री करा

लंगडणारी प्रत्येक कोंबडी बम्बलफूटची नसते. पाय साबणाने धुऊन, उजेडात, दोन्ही पाय शेजारी धरून बघा. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे तिचा पाय आपल्या हाताला एरवीही उबदार लागतो. एकटा पाय धरून 'गरम आहे' म्हणण्यात अर्थ नाही, दुसऱ्याशी तुलना करा.

तळवा साफ असून नडगीवरचे खवले वर उचललेले, खरखरीत, पांढुरक्या भुकटीने भरलेले दिसत असतील तर तो खवल्यांखालच्या माइट किड्यांचा त्रास आहे, त्याचा उपचार निराळा. बोट सुजून जांभळे पडले असेल तर बुडाशी केस किंवा धागा गुंडाळला गेला आहे का ते भिंगाने बघा. हे हमखास नजरेतून सुटते आणि दोन दिवसांत बोट जाते. दोन्ही पायांचे अनेक सांधे सुजून कातडीखाली पांढरे खडूसारखे साठे दिसत असतील तर गाऊट, म्हणजे मूत्रपिंडाचा प्रश्न. एकाच आठवड्यात तीन-चार कोंबड्या लंगडू लागल्या आणि तळव्याबरोबर हॉक सांधाही (नडगीच्या वरच्या टोकाचा, मागे वळलेला सांधा) फुगला असेल तर मायकोप्लाझ्मा सिनोव्हीसारख्या कळपभर पसरणाऱ्या रोगाचा विचार करायला हवा, तिथे घरगुती उपाय करत बसू नये. पाय लुळा आहे पण सूज नाही, तर मॅरेक (मज्जातंतूंवर हल्ला करणारा विषाणूजन्य रोग) किंवा मज्जातंतूचे दुसरे दुखणे असू शकते.

सूज बहुतांशी एकाच पायाला, तळव्याच्या मध्यभागी किंवा बोटाखालच्या गादीत, वर गोल काळी किंवा तपकिरी खपली, हे बम्बलफूटचे चित्र. खपली नाही म्हणून तो नाही, असे मात्र धरू नका. काट्याचे छिद्र वरून बुजते आणि गाठ बोटांच्या मधून वर येते.

किती पुढे गेला आहे यावर पुढचे सगळे ठरते. तळव्याची कातडी गुळगुळीत, गुलाबी, चकचकीत झाली आहे, खवल्यांची नक्षी पुसली आहे, पण जखम नाही, ही सुरुवात. इथे फक्त दांडी आणि अंथरूण सुधारले तरी पाय सुधारतो. लहान खपली, सूज जेमतेम, ही पुढची पायरी, भिजवून बरी होते. खपली, स्पष्ट गाठ आणि लंगडणे, म्हणजे तुमची कोंबडी, ही मधली अवस्था. हिच्यात घरी यश येते, पण चिकाटी लागते. त्यापुढे संसर्ग स्नायुबंधाच्या आवरणात, सांध्यात आणि शेवटी हाडात जातो. बोटे नीट मिटत नाहीत, सूज नडगीपर्यंत चढते. तिथून पुढे एक्स-रे आणि शस्त्रक्रियेशिवाय भागत नाही, आणि तेवढे करूनही पाय पहिल्यासारखा होईलच असे नाही.

बोटांमधला उंचवटा तुम्ही सांगितला आहे, म्हणून एक चाचणी आजच करा. कोंबडीचे हॉक सांधे हलकेच वाकवा. निरोगी पायाची बोटे आपोआप मिटतात, कारण बोटे मिटवणारे स्नायुबंध सांध्याच्या मागून जातात. सुजलेल्या पायाची बोटेही तशीच मिटली तर स्नायुबंध बहुधा शाबूत आहेत आणि घरी प्रयत्न करायला हरकत नाही. एखादे बोट ताठ राहिले तर पशुवैद्याकडे जा.

भिजवणे

पहिले तीन ते पाच दिवस फक्त भिजवायचे, खपलीला हात लावायचा नाही. उतावीळपणाने सगळे इथेच बिघडते. कोरडी खपली ओढली की आजूबाजूची जिवंत कातडी फाटते आणि खडा आत तुटून राहतो.

दोन लिटर कोमट पाणी घ्या, 38 ते 40 अंश, मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद लागेल इतके. त्यात चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे 60 ग्रॅम, एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) विरघळवा. कोंबडीला हॉक सांध्याच्या खालपर्यंत पाणी येईल अशा टबात उभी करा, तळाला जुना टॉवेल घाला म्हणजे पाय सरकत नाहीत. दहा ते पंधरा मिनिटे, दिवसातून दोनदा. डोळ्यांवर सैल कापड टाकले की बहुतेक कोंबड्या गुमान उभ्या राहतात, काही तर पेंगतात. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, एप्सम सॉल्ट रेचक आहे. आणि खरे सांगायचे तर भिजवण्यातले मुख्य काम गरम पाणी आणि वेळ करतात. एप्सम सॉल्ट नसेल तर नुसते कोमट पाणी घ्या, पण दिवस चुकवू नका.

भिजवून झाल्यावर पाय टिपून पूर्ण कोरडा करायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मग तळव्याला सौम्य पोविडोन आयोडिन. बाटलीतले 10 टक्क्यांचे असेल तर एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, फिक्या चहाचा रंग यायला हवा. याहून गडद केले तर जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात. क्लोरहेक्सिडिन वापरत असाल तर 2 टक्क्यांचे 25 मिली एक लिटर पाण्यात, पण आधी लावलेला साबण नीट धुवा, साबणाचा अंश राहिला की क्लोरहेक्सिडिन निकामी होते. हायड्रोजन पेरॉक्साइड या कामाला नको. फेस येतो, काहीतरी घडते आहे असे वाटते, आणि जे घडते ते बरेचसे भरत आलेल्या ऊतकाचे नुकसान असते.

खडा काढणे

खपलीच्या कडा पांढऱ्या पडून सुटू लागल्या, बोटाने हलकेच ढकलले की ती थोडी सरकते असे वाटले, की वेळ झाली. सकाळी, दाणा घालण्याआधी करा. मानेच्या बुडाशी असलेली अन्नपिशवी (क्रॉप) भरलेली असताना कोंबडी आडवी केली तर तिच्यातले वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

तयारी आधी मांडून ठेवा: वापरून टाकायचे हातमोजे, बोथट टोकाचा चिमटा (पाण्यात दहा मिनिटे उकळलेला), निर्जंतुक गॉज, न चिकटणारी जखमपट्टी, स्वतःला चिकटणारी लवचीक बँडेज पट्टी, सुई नसलेली 20 मिलीची सिरिंज आणि सलाइन. सलाइन घरी करता येते, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ. जागा स्वयंपाकघर सोडून कुठलीही. हे जंतू माणसालाही लागतात, तुमच्या बोटावर चीर असेल तर मोजे दुप्पट घाला.

दुसरा माणूस असलाच पाहिजे. कोंबडी टॉवेलमध्ये पंख मिटवून गुंडाळा, डोके झाका, कुशीवर किंवा मांडीवर किंचित उताणी धरा. धरणाऱ्याला एकच गोष्ट बजावायची: छाती दाबू नकोस. कोंबडीला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) नसते, छातीचे हाड खालीवर झाले तरच तिचा श्वास चालतो. घट्ट आवळून धरलेली कोंबडी शांत दिसते आणि तशीच गुदमरते. चोच उघडी ठेवून धापा टाकू लागली किंवा तुरा निळसर झाला की लगेच सोडायचे, पाय नंतर बघू.

आता पाय पुन्हा दहा मिनिटे भिजवून, पुसून, आयोडिन लावून खपलीची एक कड चिमट्याने धरा आणि गोल गोल सोडवत आणा. वर न ओढता कडेकडेने फिरत जायचे. खपली निघाली की खाली खड्डा दिसेल आणि त्यात घट्ट, पिवळट, चुरा होणारा गोळा. कधी तो खपलीला चिकटून खिळ्यासारखा अख्खा येतो, तो नशिबाचा दिवस. बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांनी येतो, सोबत दोऱ्यासारखे तंतू असतात. गॉजने पुसत पुसत, सोडेल तेवढेच घ्या.

इथे एक ओळख पक्की हवी. पुवाचा खडा मळकट, फिका, ठिसूळ असतो. स्नायुबंध पांढराशुभ्र, चकचकीत, ताणलेला असतो. शंका आली की दुसऱ्या हाताने बोट हलवा, चिमट्यातली वस्तू बोटाबरोबर हलली तर ती सोडा, तो स्नायुबंध आहे. तळव्याच्या गादीतली चरबीही पिवळी असते, पण ती मऊ, ओलसर आणि एकसंध लागते, तिचा चुरा होत नाही. या तिघांतला फरक कळत नसेल तर थांबायला लाज नाही.

एका बैठकीला वीस मिनिटे, त्याहून जास्त नाही. राहिलेले तुकडे पुढच्या दोन-तीन दिवसांच्या भिजवण्यात सैल होऊन वर येतात. एका दमात सगळे काढायचा हट्ट करून खोल खोदणे आणि मग रक्त थांबवत बसणे, हा सौदा तोट्याचा आहे.

ब्लेडचे काय? खपलीची सुटलेली, मेलेली कड कापायला लहान वाकडी कात्री चालते. जिवंत कातडीत चीर घेणे, आवरण सोलून काढणे, हे भूल देऊन पशुवैद्याने करायचे काम आहे. कोंबडी ओरडत नाही म्हणून तिला दुखत नाही असे नसते. शिकार होणारे प्राणी वेदना लपवतात. घरी लावायच्या, नावाच्या शेवटी 'केन' असलेल्या बधिरीकरणाच्या मलमांचाही मोह टाळा. माणसाच्या अंदाजाने लावलेले प्रमाण एवढ्याशा पक्ष्याला जास्त होऊन विषबाधा होऊ शकते.

रक्त थोडे येणारच. स्वच्छ गॉज ठेवून पाच मिनिटे सलग दाबा, मधे मधे उचलून बघू नका. अडीच किलोच्या कोंबडीत एकूण रक्त साधारण 150 ते 200 मिली असते, त्यामुळे चमचाभर गेले तर घाबरू नका, 15-20 मिलीच्या घरात गेले तर मात्र दाब कायम ठेवून डॉक्टर गाठा.

खड्डा रिकामा झाला की सिरिंजमधून कोमट सलाइन हळूहळू सोडत धुवा, निदान दोन सिरिंजा. जोराने पिचकारी मारली तर उरलेले कण आत ढकलले जातात. मग आयोडिनचे सौम्य पाणी, एक मिनिट थांबून टिपणे. वर साध्या अँटिबायोटिक मलमाचा किंवा सिल्व्हर सल्फाडायझिन क्रीमचा पातळ थर. स्टेरॉइड मिसळलेले मलम मुळीच नको, पक्ष्यांच्या कातडीतून ते आत शोषले जाते आणि प्रतिकारशक्ती पाडते. जखम टाके घालून बंद करायची नाही, आतून वर भरत येऊ द्यायची.

बँडेज

निम्मे यश बँडेजमध्ये असते. न चिकटणारी पट्टी जखमेवर, वर गॉजची चौकोनी घडी. सूज मोठी असेल तर मऊ फोमची मधे भोक असलेली चकती कापून ठेवा, भोक बरोबर जखमेवर. वजन चकतीच्या कडेवर येते आणि जखम अधांतरी राहते.

लवचीक पट्टीची दीड सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर लांब अशी फीत कापा. ती आधी गुंडाळीतून पूर्ण सोडवून सैल करा आणि मगच गुंडाळा. गुंडाळीतून ओढत थेट पायावर गुंडाळली की ताण आत राहतो आणि तासाभरात ती आवळते. नडगीच्या बुडाशी एक वेढा, तिथून खाली पहिल्या दोन बोटांच्या मधून तळव्यावर, पलीकडच्या बेचक्यातून वर, नडगीमागून फिरून पुढच्या बेचक्यात, असा इंग्रजी आठचा आकडा काढत जायचे. मागच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनीही फीत जायला हवी, नाहीतर दुसऱ्या दिवशी सगळे वर सरकते. शेवट नडगीवर. वेढ्याखाली आगकाडी सहज सरकली पाहिजे.

तासाने बोटांची टोके बघा. गार, सुजलेली किंवा निळसर असतील तर सोडून पुन्हा बांधा. पहिल्या पाच मिनिटांत कोंबडी पाय झटकत, चिखलात चालल्यासारखी चालेल, ते घट्टपणाचे लक्षण नाही. पट्टीचा रंग शक्यतो काळा किंवा तपकिरी घ्या, लाल पट्टी दिसली की बाकीच्या कोंबड्या तिच्यावर टोचा मारतात, आणि ती स्वतःही.

पहिले तीन दिवस रोज बदलायचे, नंतर जखम कोरडी राहू लागली की एक दिवसाआड. ओले झाले तर लगेच, मग तासापूर्वी का बांधलेले असेना. ओले बँडेज बांधण्यापेक्षा न बांधलेले परवडले.

या काळात ती वेगळी, सुमारे 60 बाय 90 सेंटिमीटरच्या जागेत, खाली जुने टॉवेल किंवा जाड थर कोरड्या भुशाचा, दांडी नाही, उडी नाही. बाकीच्या कोंबड्या तिला दिसतील अशी जागा निवडा, नाहीतर परत सोडल्यावर पहिल्यापासून मारामारी. दाणा-पाणी बसल्या जागी चोच पोचेल असे ठेवा आणि दर तीन दिवसांनी वजन करा. दुखऱ्या पायाची कोंबडी पाण्यापर्यंत जायचा कंटाळा करते, आणि दहा टक्के वजन उतरले तर पायाच्या पलीकडे काहीतरी चालले आहे असे समजा.

कोणत्या दिवशी काय दिसावे

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागते, निदान वाढत नाही. पाच ते सात दिवसांत खड्ड्याच्या तळाशी गुलाबी, दाणेदार, ओलसर मांस दिसते, ही चांगली खूण. दोन ते चार आठवड्यांत खड्डा भरून येतो. तळवा थोडा जाड राहू शकतो, तेवढे चालते.

मधे एक पातळ, सपाट, तपकिरी खपली धरते आणि ती बघून 'पुन्हा आला' म्हणत माणसे ती उचकटतात. मग पुन्हा धरते, पुन्हा उचकटतात, आणि महिनाभर जखम भरत नाही. नवी खपली पातळ असेल, खाली दाबल्यावर मऊ लागत असेल, कोंबडी पाय टेकत असेल, तर तिला हात लावायचा नाही. खाली कडक गोळी लागत असेल आणि सूज परत चढत असेल तरच खडा उरला आहे, पुन्हा भिजवण्यापासून सुरुवात.

पशुवैद्याकडे जायची वेळ ओळखणे अवघड नाही. सूज नडगीकडे चढते आहे, बोट मिटत नाही, जखमेतून कुजका वास येतो, आत हाड दिसते किंवा चिमट्याला टणक लागते, कोंबडी खाणे सोडून पिसे फुगवून बसली आहे, किंवा आठवडा नेटाने करूनही काहीच फरक नाही, यातले एक पुरे. तिथे जखमेच्या आतल्या भागाचा नमुना घेऊन कल्चर (जंतू वाढवून ओळखणे) आणि कोणते औषध लागू पडते याची चाचणी मागा. अँटिबायोटिक त्या उत्तरावर ठरावे. खडा काढल्यानंतर ते खरोखर उपयोगी पडते, कारण आता रक्त तिथे पोचते. वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम दिले जाते, त्याचेही प्रमाण वजनावर डॉक्टरांनीच सांगायचे. औषध पिण्याच्या पाण्यात मिसळून देणे या दुखण्यात कुचकामी आहे. लंगडी कोंबडी किती पाणी प्यायली हे कळत नाही, म्हणजे मात्रा किती गेली हेही कळत नाही. थेट चोचीत किंवा टोचून द्यायला हवे. आणि औषध चालू असताना व नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या, तो औषधागणिक बदलतो.

आता दांडी

पाय बरा होऊन परत त्याच खुराड्यात गेला की सहा आठवड्यांत दुसरी खपली, हे नेहमीचेच. कारण काटा एकदाच टोचतो, दांडीवरची उडी मात्र रोजची.

अडीच किलोच्या कोंबडीसाठी दांडी जमिनीपासून 45 सेंटिमीटरपर्यंत ठेवा, जास्तीत जास्त 60. त्याहून उंच हवीच असेल तर मधे पायरी किंवा उतरती फळी द्या आणि उतरायच्या जागी अडथळे ठेवू नका. कोंबडी दांडीवर चढताना जपून चढते, सकाळी उतरताना मात्र एकदम खाली झेप घेते आणि सगळे वजन तळव्याच्या मधोमध आदळते. खपलीही तिथेच असते, ते उगीच नाही. दांडी 5 ते 8 सेंटिमीटर रुंद, वरून सपाट, कडा तासून गोल केलेल्या, सालपे न निघणारी. बारीक गोल नळीवर सगळा भार एका रेषेत येतो, आणि प्लॅस्टिकची असेल तर ती ओलसर झाल्यावर पाय घसरतो.

खाली भुशाचा किंवा पेंढ्याचा थर निदान 8 ते 10 सेंटिमीटर. मूठभर घेऊन आवळा, मूठ उघडल्यावर तो मोकळा होऊन पडला पाहिजे. लाडूसारखा गोळा राहिला तर तो ओला आहे. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओल सगळ्यात आधी बघा, दिवसभर कोंबड्या तिथेच उभ्या असतात. तारेच्या जाळीचा तळ असेल तर निम्म्या भागावर तरी फळी किंवा रबरी चटई टाका. टोकदार खडी काढून वाळू घाला.

वजनही तपासा. छातीच्या हाडाची धार बोटाला स्पष्ट लागायला हवी, दोन्ही बाजूंना मांस भरलेले असावे. धार सापडतच नसेल तर कोंबडी लठ्ठ आहे आणि प्रत्येक उडीत तेवढा जादा भार त्याच तळव्यावर. अंड्यावरच्या या वजनाच्या कोंबडीला दिवसाला 110 ते 130 ग्रॅम संतुलित खाद्य पुरते, वर दाण्यांची खैरात नको. निव्वळ धान्यावर वाढवलेल्या कोंबडीत अ जीवनसत्त्व आणि बायोटिन कमी पडून तळव्याची कातडी भेगाळते, अशा वेळी पूरक औषधे शोधण्यापेक्षा खाद्य बदलणे सोपे आणि पक्के. नखे वाढून बोटे वर उचलली गेली असतील तर कापा, नाहीतर भार मागे, गादीवर सरकतो.

महिन्यातून एकदा, रात्री त्या दांडीवर पेंगत असताना, टॉर्च घेऊन प्रत्येकीचे दोन्ही तळवे बघून घ्या. एकेकीला अर्धा मिनिट लागतो. आणि आजारी कोंबडीचा तर रोज, उपचार चालू असतानाच, डावा पायही उलटून बघा. उजवा उचलून धरल्यामुळे सगळे वजन सध्या त्या एका तळव्यावर आहे, आणि त्याची कातडी गुळगुळीत, गुलाबी होऊ लागली असेल तर त्यालाही आजपासूनच मऊ गादीची पट्टी बांधा.